चौथा शब्द

दूध गोळा करणारा ज्ञानू सायकलवरूनच ओरडत आला. “आक्काताई, तुझा दीर सुटला की! कळंब्याच्या जेलाबाहेर बघितला म्या!” आक्काताईच्या हातातली चरवी निसटली, दूध अंगणभर झालं.

ज्ञानूच्या लेखी सुटला म्हणजे सुटला. साऱ्या गावाच्या लेखीही तेवढंच. आक्काताईला मात्र त्या एका शब्दामागचे चार इंग्रजी शब्द वेगवेगळे ओळखावे लागत, कारण प्रत्येकाची भीती निराळी होती.

बांधाच्या भांडणात कृष्णातनं सख्ख्या भावाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जीव घेतला होता. कोर्टात साक्ष दिली ती तिनं. खटला उभा राहायच्या आधी तो बेलवर, म्हणजे जामिनावर, आला आणि रोज तिच्या दारासमोर मिशीला पीळ देत उभा राहिला. सजा लागल्यावर चुलता वारला म्हणून पॅरोल मिळाला; तेव्हा चौकीत हजेरी होती, गडी जरा दबून होता. पुढं चांगल्या वागणुकीची रजा मिळू लागली, ती फर्लो. तो यायचा म्हटलं की आक्काताई पिशवी भरायची आणि शिवानीला, आपल्या लेकीला घेऊन कुरुंदवाडला माहेर गाठायची. मागं सासू, बयाबाई, त्याला सोप्यात जेवू घालायची. आक्काताईनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. आईच ती, दोघांची.

चौथा शब्द वकिलांनी फार पूर्वी एकदा सांगून ठेवला होता.

एसटीडी बूथवर वकिलांचा नंबर फिरवताना तिचं बोट दोनदा चुकलं. “सायेब, पॅरोल हाय का फर्लो?”

“दोन्ही नाही, आक्काताई. रिलीज. सजा संपली त्याची.”

रिलीजला हजेरी नाही, परत जायची तारीख नाही. घरी येऊन ती पिशवी भरायला बसली आणि कापडं किती घ्यायची तेच तिला कळेना. भावजयीच्या घरात आठवडा निघतो, जन्म कसा निघणार? शिवानीची बारावी होती.

बयाबाई चुलीपुढं नेहमीसारखी भाकरी थापत होती. “ह्या खेपंला किती दिस हाय?”

“आता परत जायचा न्हाय, आत्ती. कायमचा आलाय.”

म्हातारीचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. इतक्या वर्षांत आक्काताईला ते पहिल्यांदा दिसलं.

“चार दिसाचा पावणा म्हनून वाढलं त्याला,” बयाबाई म्हणाली. “तवाबी रातभर डोळा लागत नव्हता माझा.”

गल्लीत कुत्री भुंकायला लागली. बयाबाई उठली, सुनेच्या पुढ्यातली पिशवी तिनं पालथी केली आणि जाऊन दाराला आतून कडी घातली.

“आये, दार उघड की! म्या आलोय!”

म्हातारीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडताना तिचं सगळं अंग हलत होतं, पण कडीवरचा पिठाचा हात तिनं काढला नाही.