वीजबाबा आणि मेलेला कीबोर्ड

कोलशेत गावात निशाच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाबाहेर सकाळीच चपलांचा ढीग पडला होता. गेले दोन मंगळवार वीजबाबांनी तिथला मेलेला कीबोर्ड जिवंत केला होता आणि तिसरा चमत्कार चुकवायची कुणाची तयारी नव्हती. निवृत्त विज्ञानशिक्षिका विनिफ्रेड टीचर पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आल्या होत्या. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आधी कीबोर्ड जिवंत व्हायला हवा, म्हणून त्या कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या.

"या जागेखाली मिठागराचा राखणदार झोपलाय!" बाबांनी डोळे फिरवले. मागे मेन स्विचपाशी त्यांचा चेला लिंबांची पिशवी घेऊन उभा होता. "यंत्राने त्याची झोपमोड केली. ही खोली आश्रमाला द्या. आज आधी किल्ली, मग मंत्र!"

निशाची सासू लक्ष्मीबाई कमरेची किल्ली काढायलाच लागली. निशाचा चेहरा उतरला. या एका खोलीत तिने स्वतःचा धंदा उभा केला होता.

"थांब गो लक्ष्मी," टीचर म्हणाल्या. "हा कीबोर्ड मरतो कधी?"

"दर मंगळवारी पूजा करते ना मी त्याची. वायर काढते, पुसते, हळद-कुंकू लावते, परत खोचते. की झाला बंद!"

"तेव्हा कॉम्प्युटर चालू असतो?"

"मग! सकाळच्या पारी धंद्याची लक्ष्मी बंद करायची काय?"

टीचरना हसू आवरेना. त्यांनी संगणक बंद केला, मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हटला आणि पुन्हा चालू केला. निशाने कळ दाबली. अक्षर उमटलं!

"मागचा मंत्र मुरलाय!" बाबा ओरडले.

"मग चालू मशीनवर वायर काढून खोचा, आणि बंद न करता चालवून दाखवा. निशा, मशीन जळू शकतं हां. चालेल?"

"चालेल टीचर. खोली तरी वाचेल."

बाबांनी वायर उपटली, वाकडीतिकडी खुपसली, फुंकरी मारल्या. अक्षर नाही. त्यांनी हळूच डोळा मारला आणि चेल्याचा हात मेन स्विचकडे गेला. बंद, चालू. तरीही अक्षर नाही.

"जळलं," टीचर म्हणाल्या. "हा जुना गोल पिनांचा कीबोर्ड. संगणक सुरू होताना एकदाच हजेरी घेतो, मधेच आलेल्याला ओळखत नाही. म्हणून बंद-चालू केलं की हा चालायचा. पण चालू विजेत पिना ओढल्या-खोचल्या तर आतलं सर्किट कधीतरी जळतंच. आता करा की जिवंत, बाबा!"

बाबा गर्दीतून वाट काढत सटकले. घाईत चेला लिंबांची पिशवी विसरला.

"पूजा सोडू काय गो?" लक्ष्मीबाईने ओशाळून विचारलं.

"कर की. पण आधी बंद कर." टीचर गर्दीकडे वळल्या. "आणि तुम्ही! बाबा मंत्र म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नका. चेल्याचा हात कुठे जातो ते बघा. नाही कळलं तर विचारा. विचारल्याने कुठलाच देव रागावत नाही."

टीचरना दाखल्यासाठी उद्या पुन्हा यावं लागणार होतं. लक्ष्मीबाईने कमरेची किल्ली काढली आणि निशाच्या हातात ठेवली.