लाल शाईतली लीलाताई

लक्ष्मीकांत तळहातानेच फळा पुसत होते. डस्टर खिडकीत होतं, पण तिथवर जायचाही त्यांना धीर नव्हता.

"काका, आता पुसून काय फायदा?" ग्रंथपाल नीरजा म्हणाली. "फोटो तर मी सकाळीच ग्रुपवर टाकून दिला. लोकांनी हात जोडून पण टाकले."

"लीलाताई आहेत त्या ग्रुपवर?"

नीरजाने फोन टेबलावर उलटा ठेवला. उत्तर मिळालं.

इतिहासाचे निवृत्त शिक्षक लक्ष्मीकांत चाळीस वर्षं घरी एक वही ठेवून होते. नाटक, संगीत, सिनेमा. कुठल्या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला पडदा पहिल्यांदा उघडला. गेल्या दिवाळीत वाचनालयाने त्यांना दारातला फळा दिला आणि म्हातारपणी त्यांना रोज सकाळी निघायला एक कारण मिळालं. आज त्यांनी एका शाहिराच्या जयंतीखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'रंगकर्मी लीला पुराणिक यांचा स्मृतिदिन.' लीलाताई अन्नपूर्णा भागात राहत होत्या आणि चांगल्या ठणठणीत होत्या. मारलं लीलाताईंना, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं लक्ष्मीकांतांना.

"डोकं साथ देत नाही आता," ते म्हणाले. "उद्यापासून फळा तू लिही. मी माफी मागून येतो."

वही घेऊन ते ई-रिक्षात बसले. ती उघडून पाहण्याची त्यांची छाती झाली नाही. वहीत काही चुकलेलं नसलं, तर चूक डोक्यातच होती.

दार लीलाताईंनीच उघडलं.

"या लक्ष्मीकांतजी. घाबरू नका, मीच आहे."

ते पायाशी वाकायला लागले, तसा त्यांनी दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"सकाळपासून फोन चालू आहेत. दोघांनी तर मलाच विचारलं, ताई कधी गेल्या म्हणून. तारीफ इतकी केली, की मी आहे हे सांगायचंच राहून गेलं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण आजचीच तारीख कुठून काढली तुम्ही?"

आता वही उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जन्म निळ्या शाईत, मृत्यू लाल शाईत, असा त्यांचा नेम होता. लाल दिसलं की हात आपोआप स्मृतिदिन लिहून मोकळा होई. आजच्या पानावर लाल शाईत त्यांच्याच अक्षरात होतं, 'लीला पुराणिक, २००६.' पुढे काहीच नाही. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मग त्यांचे कान तापले.

"त्या दिवशी तुमचा शेवटचा प्रयोग होता," ते म्हणाले.

लीलाताईंचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी दुसऱ्या अंकात त्या एका वाक्यावर अडल्या होत्या. इतक्या, की पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्या कधी रंगमंचावर गेल्या नाहीत.

"रंगपटात कोणी आलं पण नाही," त्या म्हणाल्या. "वीस साल मी हेच समजते, की लोक सुटले."

"मी दारापर्यंत आलो होतो, ताई. आत यायचं धैर्य झालं नाही. घरी जाऊन जेवलो नाही, ही वही काढली. निळी शाई घेववेना."

लीलाताईंनी वही मांडीवर ओढून घेतली, चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. फोन वाजला. त्यांनी तो वाजू दिला.

"म्हणजे तुमचं डोकं ठीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "फळा सोडायचा नाही."

लक्ष्मीकांतांच्या जिवात जीव आला. त्यांनी चहाला हो म्हटलं.

लीलाताई उठल्या खऱ्या, पण स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"ते वाक्य मला घरी येताना ऑटोतच आठवलं होतं. कोणाला सांगितलं नाही. ऐकता?"

लक्ष्मीकांतांनी वही मिटून बाजूला ठेवली आणि ते ताठ बसले. लीलाताईंनी पदर खोचला, खोलीच्या मधोमध आल्या आणि एक श्वास घेतला.