सात घरांचं भरीत

उमरग्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर महांतप्पांनी हळद्याच्या रक्ताचा अहवाल हातात दिला, तेव्हा मला आधी यंत्राचाच संशय आला. हिमोग्लोबिन चार पूर्णांक सहा. दहा दिवसांपूर्वी ते साडेसात होतं.

हळद्या आमच्या अणदूरच्या घरचा कुत्रा, वजन अकरा किलो. गोचिडांच्या तापानं त्याचं रक्त पार उतरलं होतं. औषधं डॉक्टरांची आणि जेवण माझं, अशी वाटणी ठरली होती. जीवरसायनशास्त्रात एमएस्सी करून मी घरी बसले आहे, त्यामुळे वेळ होता. दीड महिना त्याचा भात, कोंबडी, कलेजी, लाल भोपळा आणि अंड्याच्या टरफलांची पूड मी काट्यावर मोजत होते. सगळं वहीत होतं.

"चारच्या खाली गेलं तर रक्त चढवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तेही सोलापूरला, आणि रक्त देणारा कुत्रा तुम्हीच शोधायचा. खायला काय घालताय?"

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. "हे ठीक आहे. याशिवाय?"

"काहीच नाही."

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तांबड्या पेशींच्या कडेला बारीक गाठी चिकटल्या होत्या. "कांदा," ते म्हणाले. "कांदा, लसूण, पात. शिजवलं तरी फरक पडत नाही. कुत्र्याच्या पेशी फुटतात."

"आमच्या घरात कांदाच नसतो," मी ठासून सांगितलं, आणि सांगतानाच आठवलं की बुधवारी चंपाषष्ठी झाली.

चातुर्मासापासून आमच्या घरी कांदा, लसूण, वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते सुटतं. बुधवार ते शुक्रवार मी परीक्षेसाठी लातूरला होते. जाताना तीन दिवसांचे डबे मोजून फ्रिजमध्ये ठेवले होते. काय घालायचं ते वहीत ग्रॅमपर्यंत होतं. काय घालायचं नाही, ते मी लिहिलंच नव्हतं. जी वस्तू घरात नव्हती तिची मनाई मला सुचली नाही.

घरी आले तर माझ्या आत्या म्हाळसाबाई उंबऱ्यात बसून कांद्याची पात निवडत होत्या.

"आत्या, मी नसताना हळद्याला काय घातलं?"

"तुझेच डबे. एक बी चुकवला न्हाय."

"आणि भरीत?"

"ते व्हय. ते जेवण न्हाय, ते नैवेद्य. खंडोबाचा कुत्रा हाय, त्याच्या तोंडी घास पडल्याबिगर आमी कसं जेवावं? गल्लीतल्या सात घरांतनं ताटं आली. आजारी हाय म्हणून बायांनी जास्तच वाढलं. उरलेलं दोन दिस पुरवलं."

"कांदा होता त्यात?"

"बिनकांद्याचं भरीत म्हणजे वांग्याचा चिखल."

मी डोकं धरून बसले. मग उठले आणि सातही घरी गेले. पहिल्याच घरी मथुराबाई म्हणाल्या, "आमचं कुत्रं जल्मभर कांदा खातंय. वाघावाणी हाय." तिसऱ्या घरी मी पेशींचं चित्र काढून दाखवलं. तिथली सून म्हणाली, "चित्र छान काढता की." पाचव्या घरच्या बाई म्हणाल्या, "दीड महिना मोजून मोजून तुम्ही घातलं, आन् दोष आमच्या एका घासाला?" एक नव्हे, सात घरांचे, तीन दिवसांचे, हे मी सांगेपर्यंत त्या आत गेल्या होत्या. बाकीच्यांनी फक्त मान डोलावली.

फाटकावर पाटी लावली: कुत्र्याला काही घालू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीच्या खाली लसणाचा ठेचा लावलेली कोरभर भाकरी सापडली. हळद्या बांधलेला होता म्हणून वाचला. मी ती भाकरी उचलून इतक्या जोरात उकिरड्यावर फेकली की आत्या बाहेर आल्या.

"खरंच मरंल का गं तो?"

"चारच्या खाली गेलं तर सांगता येत नाही."

दुपारी मथुराबाई झाकलेलं ताट घेऊन फाटकाशी आल्या, तेव्हा आत्याच पुढे झाल्या.

"कांदा-लसूण आमच्या दारात आणू नका. म्या परत सोडलंय. हळद्या बरा होईस्तोवर."

"अवं, चंपाषष्ठी झाली की."

"तुमची झाली. माझी न्हाय."

मथुराबाई ताट घेऊन तशाच मागे फिरल्या. संध्याकाळपर्यंत सातही घरांना कळलं. कुणी कारण विचारलं नाही, कुणी वाद घातला नाही. पुन्हा एकही घास आला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण दोन दिवस घसा कोरडा करून मी जे सांगत होते, ते आत्यांच्या चार शब्दांत झालं होतं, आणि कुणालाच काही समजलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी हिमोग्लोबिन पाच पूर्णांक तीन आलं. फाटकाशी मथुराबाई भेटल्या. हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार व्हायला चार-पाच दिवस लागतात, हे मी त्यांना सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या, "आत्याला म्हणावं, मधीच खाऊ नगा."

आत जाऊन मी आत्यांना आकडा सांगितला.

"आन् कितीवर गेलं म्हणजे बरा?"

"बारा."

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले आणि जेवायला बसल्या. ताटात बिनकांदा-लसणाची डाळ होती. "उद्यापास्नं त्याला कलेजी जरा जास्त घाल," त्या म्हणाल्या.

"जास्त घालून चालत नाही, आत्या. तिचंही माप आहे."

"असू दे तुझं माप," त्या म्हणाल्या आणि डाळीत भाकरी कुस्करू लागल्या.