टाकीतली थोरली

सासरे गेले तेव्हा मी रडले, खोटं कशाला बोलू. पण तेराव्याची पानं वाढताना माझ्या डोक्यात आमचा उलव्याचा नवा फ्लॅटच घोळत होता. ताबा मिळून कितीतरी महिने झाले होते, आणि मी न् वरद अजून सीवूड्सच्या या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, त्याच्या माशांच्या टाकीशेजारी गादी टाकून झोपत होतो. अण्णांचा एकच हेका, "माझ्या डोळ्यांदेखत दोन चुली होणार नाहीत."

सासूबाई मात्र माझ्या बाजूच्या. भाजी निवडता निवडता हळूच म्हणायच्या, "तू जा गं बाई. इथे राहिलीस तर माझ्यासारखी कुजशील."

मग टाकीतला नर गेला. रॅस म्हणतात त्या माशांना, उष्ण समुद्रातल्या प्रवाळात राहणारे. एक नर आणि त्याच्या तीन माद्या. टाकीतला दिवा मालवायची वेळ झाली की सगळे वाळूत घुसून झोपायचे. प्रत्येकाला आपापली जागा; ती सोय आमच्याकडे नव्हती. त्या नराने झाकणाच्या फटीतून उडी मारली आणि फरशीवर मेला. वरद बापाला रडला नाही तेवढा त्या माशाला रडला.

दुकानदार म्हणाला, "नवा नर आणू नका साहेब. थोरली मादीच नर होईल. यांच्यात होतंच तसं."

काहीतरीच काय! पण झालं खरं. तिचा पिवळा रंग हळूहळू उतरला, अंगावर हिरवे-निळे पट्टे आले. ज्या नराला घाबरून ती कपारीत दडायची, त्याचाच कोपरा तिने धरला. धाकट्या दोघी जवळ फिरकल्या की अंगावर धावून जायची.

आणि इकडे घरात! सासूबाई अण्णांच्या खुर्चीत बसायला लागल्या. टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीशी हुज्जत त्यांचीच. आधी मला मजा वाटली. बसा की, जन्मभर ओट्याशीच तर उभ्या होतात! मग मी उलव्याचा विषय काढला, तर म्हणाल्या, "एवढी कसली घाई लागलीय?" अगदी अण्णांचाच सूर.

काल संध्याकाळी ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष लावायचा. दिवसभर भांडण मनात घोटून ठेवलं होतं.

"आई, तुम्हीच मला जा म्हणायचात ना? मग आता काय झालं?"

त्या चिडल्या नाहीत. "म्हणायचे. तू गेलीस की तुझ्यामागून मीही येणार होते, क्षिप्रा. यांना सोडून. पिशवीसुद्धा भरून ठेवलेली. आता कुठे हे घर माझं झालंय गं. ते सोडवत नाही. आणि तुम्ही गेल्यावर एकटी काय करू इथे?"

असं कोणी बोललं तर त्याच्यावर चिडायचं तरी कसं? मला त्यांची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

"मी वरदशी बोलते," एवढंच म्हटलं.

"मी बोललेय सकाळीच. उलव्याला भाडेकरू बघितलेत. रविवारी राहायला येतायत."

वरद टाकीपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो नजर चुकवत म्हणाला, "दुपारीच चावी देऊन आलो मी. सॉरी."