कोरड्या नाल्याचा पूर

नाल्यात बकऱ्या चरत होत्या आणि आम्हाला पूर आल्यासारखं वागायचं होतं.

मी ओमेश्वरी, एसटीत कंडक्टर. गाडी मी कुणासाठी थांबवत नाही, सख्ख्या मावशीसाठीही नाही. पण पावसाळा लागला की या नाल्याच्या धास्तीनं केशोरीची गाडीच बंद होते, आणि नाल्यापलीकडे माझं माहेर. म्हणून आमच्या आगाराच्या हिमांशुसाहेबांच्या मी हात धुऊन मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "पूर आला तर प्रवासी सुरक्षित ठेवून परत गाडीत आणता येतात, हे दाखवा. जमलं तर यंदा गाडी बंद नाही." मे महिन्यात रंगीत तालीम ठरली.

ड्रायव्हर डोमनलालभाऊंनी नाल्याअलीकडे, पुराची खूण म्हणून रोवलेल्या लाल झेंड्यापाशी गाडी थांबवली. अलीकडच्या गावातल्या शाळेत मी सगळ्या प्रवाशांना सतरंज्यांवर बसवलं, मोजलं आणि साहेबांना फोन लावायला रेंज शोधत रस्त्यावर गेले. थोड्या वेळानं साहेब जीपनं आले. त्यांना घेऊन शाळेत परतले, तर सतरंज्या रिकाम्या.

"पूरग्रस्त कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं. माझं तोंड एवढंसं झालं. गेली माझी गाडी, असंच वाटलं.

तेवढ्यात समोरच्या घरातून शामकलाकाकी भात वाढायची पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. "घरोघरी जेवून राहिले जी सारे. अडकलेल्या मानसाले शाळेत कायले बसवता? आमच्या गावात अशी रीत नाही."

"काकी, पूर खोटा आहे," मी चिडून म्हटलं.

"पूर खोटा असन. भूक तं खरी आहे ना? साहेब, तुमीबी या जी. तोंड सुकलं तुमचं." नाही नाही म्हणत साहेब ओसरीवर बसले.

मी डोमनलालभाऊंना शोधलं. त्यांचाही हात भातात होता. "भाऊ, आधी हॉर्न वाजवा."

त्यांनी लांबलचक हॉर्न दिला. ही गाडी चुकली की दुसरी उद्याच, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं हात पुसत धावली. कुणाच्या पिशवीत आंबे, कुणाच्या डब्यात लाखोळीच्या डाळीचं वरण. मी दारात उभी राहून मोजलं. एकही कमी नव्हता. जीव भांड्यात पडला.

"पन साहेब कुठी आहेत?" भाऊंनी विचारलं.

साहेब ओसरीवर तिसऱ्यांदा भात घेत होते. मला पाहून ताटावरूनच म्हणाले, "पावसाळाभर चालू राहील तुमची गाडी. आत्ता फक्त पाच मिनिटं थांबवा."

थांबवली.