गुलाबाईचा कोनाडा

बाळांनो, जरा कल्पना करा. तुमचं नवं घर ठरलंय, पण अजून ते घर नाही, गोठा आहे. भिंतीत दावं अडकवायच्या लोखंडी कड्या आहेत, एका कडेला गव्हाण आहे, आणि आत पाऊल टाकलं की शेणाचा आणि कडब्याचा वास येतो. तुम्ही मधोमध उभं राहून बोटानं जागा वाटताय. इथे मम्मीचा ओटा, इथे कपाट, इथे मी झोपणार. दिसलं ना? मग आता तिथे पाचवीतली धनश्री उभी आहे असं समजा.

धनश्रीचे पप्पा, हेमराज, कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होते. माणसं मूळची अमळनेरकडची. आधी सगळे शहरात, डिंडोलीत, एका खोलीत राहायचे. मग कडोदऱ्याच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका गावात त्यांनी हा जुना गोठा विकत घेतला आणि समोरच भाड्यानं खोली घेतली. गोठ्यात लगेच राहायला जाता येत नव्हतं. शेतीसाठी बांधलेल्या जागेत घर करायचं तर परवानगी लागते.

तुम्ही विचाराल, स्वतःच्या गोठ्यात राहायला परवानगी कशाला? अहो, नाहीतर कोणीही उठेल, शेतात चार पत्रे उभे करेल आणि उद्या त्याचा बंगला करेल. मग ऊस कुठे लावायचा? म्हणून तलाटीसाहेबांनी, गुजरातीत तलाठ्याला तलाटीच म्हणतात, हेमराजना नीट समजावलं होतं. जुन्या भिंती धड उभ्या असतील तर त्यांच्याच आत घर करा. पडलं-झडलं तर दुरुस्ती चालेल. पण परवानगी हातात येईपर्यंत आपल्या हातानं एक वीटही काढायची नाही. काढली तर काम चोरून सुरू केलं असं धरू आणि अर्ज परत पाठवू.

पप्पांनी हे घरी इतक्या वेळा सांगितलं की मम्मी म्हणाली, "झालं ओ, आता भिंतीला टेकायचंही नाही का?"

पण भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि गुलाबाई बसल्या. खानदेशातल्या मुलींना हे सांगायला नको. मातीची गुलाबाई मांडायची, रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. गावाकडे गुलाबाई कोनाड्यात बसते. डिंडोलीच्या खोलीत कोनाडा नव्हता, म्हणून तिला फ्रिजवर बसावं लागायचं. तिथली मैत्रीण पल्लवी तर हसायची, "तुझ्या गुलाबाईला थंडी वाजत असेल गं!"

गोठ्याच्या मागच्या भिंतीतल्या विटा मातीत बसवलेल्या होत्या. उलथन्याच्या टोकानं माती भुसभुशीत निघायची. भुशाच्या पोत्यामागे कोणाला दिसणार, असं म्हणून धनश्रीनं एक वीट काढली. मग तिच्यावरची. तिसरी आपोआपच सैल झाली. गुलाबाई आत अगदी नेमकी बसली. धनश्री मांडी घालून समोर बसली आणि तिला वाटलं, आता हे खरं घर झालं.

पण भिंतीला तेवढं सोसलं नाही. कोनाड्याच्या वरून एक तडा निघाला, पार आढ्यापर्यंत गेला, आणि बाहेरून भिंतीला पोट आलं.

धनश्रीनं आधी दाराकडे पाहिलं. तिनं गुलाबाई काढून खोलीवर नेली, स्टुलावर ठेवली. विटा उसात फेकल्या, भोकात कडबा कोंबला आणि पोतं होतं तिथं ओढलं.

आता गोठ्याच्या त्याच कोपऱ्यात धुरपदाबाईची म्हैस बांधलेली असायची. धुरपदाबाई शेजारची म्हातारी, खानदेशाकडचीच, एकटी राहणारी. गोठ्याच्या आधीच्या मालकानं तिला तो कोपरा दिला होता आणि हेमराजनीही राहू दिला होता. म्हैस त्या भिंतीला मान घासायची, हे सगळ्या गल्लीनं पाहिलेलं. त्यामुळे तडा दिसला तेव्हा कोणी काही शोधलंच नाही.

"मावशी, तुमच्या म्हशीनं माझं घर घालवलं!" पप्पा ओरडले. "आजच्या आज सोडा तिला इथून."

"मनी म्हैस गरीब शे रे भाऊ," धुरपदाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली; मनी म्हणजे माझी. पण तिनं तड्याकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, आणि दावं सोडलं.

धनश्री दारातच होती. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. तिनं उघडलं नाही.

म्हैस रस्त्याकडेच्या निंबाखाली आली. तिथून ट्रॅक्टर जायचे, कुत्री भुंकायची. जनावराला जागा बदललेली सोसत नाही. ती धारेला उभीच राहीना. शाळेत जाताना धनश्री रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागली. तरी म्हैस मान वळवून बघायचीच.

मग खाऊची पाळी धुरपदाबाईची आली. तिनं आधीच कबूल केलं होतं, माझ्या पाळीला खवा. स्टुलावरच्या गुलाबाईपुढे पोरी गोल बसल्या. म्हातारीनं डबा हलवला.

"गोड की तिखट?" गल्लीतल्या नूतननं विचारलं.

"दोनी नाही."

"खवा! आजीमाय, खवाच आहे! तुम्ही म्हणाल्या होत्या!"

धुरपदाबाईनं झाकण काढलं. आत फुटाणे होते. "म्हैस दूध चोरस व माय, धारच देत नही," ती ओशाळून म्हणाली. "पुढच्या साली करसू खवा." आणि तिनं पहिली मूठ धनश्रीच्या हातावर ठेवली, कारण गुलाबाई तिच्या घरची होती.

धनश्रीनं ते फुटाणे खाल्ले नाहीत. फ्रॉकच्या खिशात ठेवले. झोपताना टोचले तरी काढले नाहीत.

शेवटी तलाटीसाहेब पाहणीला आले. पप्पांनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, तड्यापाशी थांबले.

"हेमराजभाई, आ शुं? हे काय? कोणी काम तर नाही ना काढलं?"

"नाही साहेब! वीटसुद्धा हलवली नाही. म्हशीनं धक्का मारला."

साहेबांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "साची वात, माजी? खरं का, आजी?"

धुरपदाबाईनं एकदा हेमराजकडे पाहिलं. मग मम्मीच्या पदराला धरून उभ्या असलेल्या धनश्रीकडे.

"हां भाऊ," ती म्हणाली. "मनी म्हैसनीच धक्का दिधा. ह्या गरीब लोकेस्नं घर होऊ द्या."

"मग ठीक. जनावरानं नुकसान केलं तर दुरुस्ती चालेल," साहेब म्हणाले. "पण ती म्हैस इथे पुन्हा बांधायची नाही. कायमची बाहेर."

"हां," म्हातारी म्हणाली.

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. मम्मीनं चहाचं आधण ठेवायला पाऊल उचललं. सगळं जमलं होतं, बाळांनो. धनश्री गप्प राहिली असती तर दिवाळीपर्यंत त्या गोठ्यात तिची झोपायची जागा झाली असती, आणि बोलली तर कदाचित कधीच नाही. तिला हे पक्कं ठाऊक होतं. नियम तिला तोंडपाठ होते.

तिनं पदर सोडला. ती पळत समोरच्या खोलीत गेली आणि स्टुलावरची गुलाबाई दोन्ही हातांनी छातीशी धरून परत आली.

"धना, काय चाललंय?" पप्पा म्हणाले.

गुलाबाई जमिनीवर ठेवून तिनं भुशाचं पोतं ओढलं. ते हलेना, तेव्हा पाय भिंतीला लावून ओढलं. भोकातला कडबा उपसला. मग सगळ्यांच्या देखत तिनं गुलाबाई उचलली आणि त्या भोकात बसवली. ती अगदी नेमकी बसली.

धनश्री कोणाकडेही न बघता बाहेर गेली, निंबाखाली पोचली, आणि म्हशीला परत गोठ्यात न्यायला तिच्या दाव्याची गाठ सोडू लागली.