इरकलीचा आडोसा

मी एक जुनी इरकली साडी आहे. जुनी म्हणाले, चिंधी नाही. माझे काठ अजून शाबूत आहेत. आजकालच्या साड्या दोन धुण्यांत रडतात.

मित्रांनो, हातमागावर माझा जन्म झाला. फौजी शहाजीरावांच्या भीमाबाईनं मला नेसून अख्खी छावणी गाजवली. पण माझा खरा मान वेगळाच. एकदा बदलीच्या प्रवासात, फौजी ट्रकमध्ये, तिचं तान्हं भुकेनं रडायला लागलं. तिनं ट्रंकेतून मला काढलं. सोबतच्या दोघी फौजी बायकांनी माझी टोकं धरून आडोसा केला. जवान न सांगता पाठ फिरवून बसले.

भीमाबाई गेली. मी तिच्या नातसुनेकडं, रसिकाकडं, गुरुग्रामला आले आणि कपाटात डांबरगोळ्या हुंगत पडले.

बाळंतपणाची रजा संपली नि रसिका ऑफिसला जाऊ लागली. दुपारी सामानाच्या खोलीत बसून घरच्या बाळासाठी दूध काढून ठेवायची. एक दिवस तिथंही कॅमेरा आला. म्हणे, हेडफोन चोरीला जातात.

ती ऑफिसच्या मॅनेजरकडं, विक्रांतसाहेबांकडं गेली. ते हसले. "अरे मॅडम, रेकॉर्डिंग कोई देखता नहीं. रिलॅक्स!"

त्यांच्या केबिनबाहेर चकचकीत पाटी होती: 'तुमचा खाजगीपणा आम्ही जपतो.' जपतात हो, टीव्हीवर लावून!

मग रसिकानं मला पिशवीतून नेलं आणि कॅमेऱ्यासमोर दोरीवर टाकलं. बसते न बसते तोच दार वाजलं. साहेब स्वतः.

"मॅडम, पर्दा क्यों लगाया? कुछ दिख नहीं रहा!"

"कोई देखता नहीं था ना? फिर पता कैसे चला?"

साहेबांनी सरळ दोरीला हात घातला. सोडलीच मेल्यानं.

दाराशी मयुरा उभी होती. रोज रसिकाच्या डब्यातलं थालीपीठ खाणारी.

"मयुरा, एक टोक धर गं."

मयुरानं हात पुढं केला. वर कॅमेऱ्याकडं पाहिलं. हात मागं घेतला.

"यार, माझं अप्रेझल आहे."

मी जमिनीवर पडले. त्या दोघी माझ्याकडंच बघत राहिल्या.

नोकरी सोडणं रसिकाला परवडणारं नव्हतं. ती त्या खोलीत पुन्हा गेली नाही. दूध आटलं. बाळ आता डब्याचं पितं, आणि मी परत कपाटात.

मित्रांनो, मला जपू नका. माझी घडी मोडा. कुणी आडोसा मागितला तर एक टोक धरा, आणि त्या जवानांसारखं तोंड फिरवा. एवढं जमत नसेल, तर माझ्या काठांचं कौतुकही करू नका.